सासऱ्यांच्या ‘सिक्युअर्ड’ डिबेंचरच्या कागदाला कायद्याने काही किंमत आहे का?

कोयनाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, सासऱ्यांचा आहे. पण ते काही विचारणार नाहीत, म्हणून मीच विचारतेय.

आम्ही कराडचे. सासरे ७८ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. २०१९ च्या नोव्हेंबरात त्यांनी आमच्याच भागातल्या एका पब्लिक लिमिटेड कंपनीचे सहा लाखांचे डिबेंचर, म्हणजे कंपनीला दिलेल्या कर्जाचे रोखे, घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही, पशुखाद्य आणि शीतगृहाच्या धंद्यातली आहे. एजंट म्हणजे सकाळी प्रीतिसंगमावर फिरायला येणाऱ्यांपैकीच एक. साडेअकरा टक्के, तीन वर्षं, दरमहा व्याज. पैसे चेकने दिले. महिन्याला ५,७५० रुपये यायचे, पासबुकात जून २०२२ पर्यंत दिसतात. जुलैपासून बंद. १३ नोव्हेंबर २०२२ ला मुदत संपली, मुद्दल आलं नाही.

कागद माझ्यासमोर आहे. जाड, फिकट हिरवा, कडेने नोटेवर असते तशी नक्षी. मधोमध लाल अक्षरांत ‘सिक्युअर्ड रिडीमेबल नॉन-कन्व्हर्टिबल डिबेंचर’. खाली दोन डायरेक्टरांच्या सह्या आणि शिक्का. मागे मुंगीएवढ्या अक्षरात अटी. त्यांत ‘कंपनीच्या चालू मालमत्तेवर फ्लोटिंग चार्ज’ असं आहे आणि डिबेंचर ट्रस्टी (डिबेंचरवाल्यांच्या वतीने तारण सांभाळणारा) म्हणून एका गृहस्थाचं नाव आहे. हे गृहस्थ एमडींचे सख्खे मेहुणे निघाले!

एजंट अजूनही म्हणतो, काकू, सिक्युअर्ड आहे, काळजी कसली. गावातल्या वकिलांना दाखवलं तर ते म्हणाले, यावर मुद्रांक दिसत नाही म्हणून कागद बाद. कंपनीने परवानगी न घेता लोकांकडून पैसे घेतले म्हणून व्यवहारच बेकायदा आणि बेकायदा करारावर दावा चालत नाही. शिवाय गेल्या नोव्हेंबरात तीन वर्षं झाली, म्हणजे मुदतबाह्य. तीन वाक्यांत निकाल. फी मात्र घेतली.

मधे एकदा कंपनीकडून दोन ओळींचं पत्र आलं होतं. ‘आपली ६,००,००० रुपयांची डिबेंचरची रक्कम व त्यावरील थकीत व्याज देणे आहे, येणे वसूल होताच अदा करू, सहकार्य करावे.’ असली पत्रं सगळ्यांनाच गेली असणार.

सासऱ्यांनी फिरायच्या ग्रुपमधल्या चौघांना यात पैसे टाकायला लावले होते. गेली तीन वर्षं ते संगमावर जात नाहीत. गच्चीवरच फेऱ्या मारतात.

कोणाला खरंच माहिती असेल तर सांगा. सिक्युअर्ड म्हणजे नेमकं काय? आणि वकील म्हणतात तसं सगळंच संपलंय का?

शंकासुर

२०१९ मध्ये बँका सहा-सात टक्के देत होत्या तेव्हा साडेअकरा कोण आणि का देतं, हा प्रश्न त्याच दिवशी विचारायला हवा होता. आता विसरा पैसे.

कोयनाकाठची

शंकासुर, हे वाक्य आमच्या घरात तीन वर्षांत बऱ्याच जणांनी म्हणून झालंय. आणखी काही असेल तर सांगा.

निवृत्त_सेक्रेटरी

ताई, मी वकील नाही. ३१ वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून नोकरी केली, त्यात डिबेंचर काढणं, त्यांची नोंदणी करणं आणि दोनदा ते वेळेवर फेडता न आल्याची पत्रं लिहिणं हे सगळं केलं. म्हणजे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा माणूस आहे असं समजा.

आधी त्या लाल अक्षरांबद्दल. तुमच्या कागदात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत आणि तुमचा एजंट व वकील दोघेही त्यांची गल्लत करतायत. एक आहे कर्ज: कंपनीने सहा लाख घेतले, ते परत द्यायचे. दुसरं आहे तारण: नाही दिले तर अमुक मालमत्ता विकून घ्या. कंपनी कायदा, २०१३ मधली डिबेंचरची व्याख्या काढून पाहा. कंपनीचं कर्ज दाखवणारा कुठलाही दस्त म्हणजे डिबेंचर, मग त्याने मालमत्तेवर चार्ज, म्हणजे तारणाचा हक्क, बसो वा न बसो. तेव्हा तारण खोटं निघालं म्हणून कर्ज खोटं ठरत नाही. आणि ‘सिक्युअर्ड’ छापलं म्हणून तारण खरं होत नाही.

तारण खरं होतं ते आरओसीकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी निबंधकाकडे, चार्जची नोंद झाल्यावर. कलम ७७. चार्ज निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत नोंद करायची. तुमच्या काळात जादा फी भरून फार तर १२० दिवसांपर्यंत. नोंद नसेल तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर आणि इतर घेणेकरी त्या चार्जला विचारत नाहीत. पण त्याच कलमाचं चौथं पोटकलम बहुतेक जण वाचत नाहीत: नोंद झाली नाही तरी पैसे परत करायची जबाबदारी आहे तशीच राहते.

हे मला पाठ आहे कारण १९९४ साली हे माझ्याच हातून घडलं. कंपनीचं नाव कशाला घेऊ. आम्ही डिबेंचर काढले, कारखान्याची जमीन गहाण दिली, ट्रस्ट डीड झालं, पेढे वाटले. नोंदणीचा फॉर्म मी टंकलेखकाकडे दिला. टंकलेखक गणपतीला चिपळूणला गेला, परतला तो कावीळ घेऊन. फॉर्म त्याच्या खणात, टाइपरायटरच्या रिबिनीच्या डब्याखाली. दिवाळीनंतर ट्रस्टीच्या ऑफिसातून ‘नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवा’ असा फोन आला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मग कंपनी लॉ बोर्डाकडे विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, साहेबांच्या शिव्या. माफी मिळाली. पण त्या तीन महिन्यांत कंपनी बसली असती तर छापील ‘सिक्युअर्ड’ असलेले शेकडो लोक बिनतारणी रांगेत गेले असते, केवळ एका खणामुळे.

तेव्हा पहिलं काम. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने ‘इंडेक्स ऑफ चार्जेस’ बघा. त्यात डिबेंचर ट्रस्टीचं नाव आहे का? मग शंभर रुपये भरून कंपनीचे सार्वजनिक दस्त उघडा आणि २०१९-२० सालचे पीएएस-३ शोधा. डिबेंचर कोणाकोणाला वाटले त्याची यादी त्याला जोडलेली असते. कोणाची नावं इथे लिहू नका, फक्त आकडे सांगा. ताळेबंदही उतरवून घ्या, सगळ्यांत अलीकडचा भरलेला असेल तो.

मेहुण्यांबद्दल. रागावू नका, पण कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत मेहुणा बसत नाही. जावई बसतो, सून बसते, भाऊ-बहीण बसतात. ज्याने यादी केली त्याला आपल्याकडचे मेहुणे ठाऊक नसावेत. मात्र ट्रस्टीचा कंपनीशी मोठा पैशाचा व्यवहार असेल तर त्याला ट्रस्टी होता येत नाही. हे गृहस्थ कंपनीला माल पुरवतात का, ते पाहून ठेवा.

आणि ते दोन ओळींचं पत्र जपा. त्याबद्दल नंतर लिहितो. त्यावर तारीख काय आहे?

वकिली_डगला

काकांचं लिखाण वाचायला छान वाटतं, पण गावातल्या वकिलाला इतकं मोडीत काढू नका. मुद्रांक नसलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही हे मुद्रांक कायद्याच्या कलम ३५ मध्ये स्वच्छ लिहिलंय. शिवाय कंपनीने कर्जमर्यादेचा विशेष ठराव केला होता का? केला नसेल तर कंपनी उद्या कोर्टात म्हणेल की हे कर्जच आमच्या अधिकाराबाहेरचं. कराराच्या कायद्याचं कलम २३ पण आहे. बेकायदा हेतूचा करार रद्द.

निवृत्त_सेक्रेटरी

डगलासाहेब, मुद्दे रास्त आहेत, तोडगेही त्याच कायद्यांत आहेत.

मुद्रांक: कलम ३५ मध्येच पुढे लिहिलंय की चुकवलेलं शुल्क आणि दंड भरला की दस्त पुराव्यात घेता येतो. दंड दहापटीपर्यंत जातो, पण डिबेंचरचं शुल्कच इतकं किरकोळ असतं की सहा लाखांच्या कागदापुढे त्याची गोष्ट नको. १३ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने लवादाच्या प्रकरणात हेच सांगितलं: मुद्रांक नसणं हा बरा होणारा दोष आहे, त्याने करार शून्य होत नाही. एक खाच मात्र आहे. हुंडी किंवा प्रॉमिसरी नोट असेल तर ही सवलत नाही. ताई, तुमच्या कागदावर कुठे ‘प्रॉमिसरी नोट’ असे शब्द नाहीत ना, एवढं बघून घ्या. शिवाय अनेक कंपन्या शुल्क एकत्र भरतात आणि कागदावर नुसता ‘शुल्क भरले’ असा बारीक शिक्का मारतात. भिंग घेऊन तोही शोधा.

ठराव: कंपनी कायद्याचं कलम १८०. मर्यादा ओलांडून काढलेलं कर्ज वैध नाही हे खरं, पण पाचव्या पोटकलमात अपवाद आहे. पैसे देणाऱ्याने चांगल्या मनाने आणि मर्यादा ओलांडल्याची कल्पना नसताना दिले असतील तर वैध. हा विचार जुनाच आहे. १८५६ सालच्या टर्क्वांड खटल्यात एका ब्रिटिश कंपनीने बाँडवर शिक्का मारून बँकेकडून पैसे घेतले आणि मग म्हणाली, आमच्या सभासदांचा ठरावच झाला नव्हता. कोर्टाने विचारलं, तुमच्या घरातला ठराव झाला की नाही हे बाहेरच्याने कुठून बघायचं? पाटबंधाऱ्यातल्या निवृत्त माणसानेही कुठून बघायचं?

बेकायदेशीरपणा: बेकायदा वागली ती कंपनी. ज्याच्या रक्षणासाठी नियम केला त्याचेच पैसे त्या नियमाचं बोट धरून बुडवता येत नाहीत. करार शून्य ठरला तरी करार कायद्याचं कलम ६५ म्हणतं, ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावा. ठरावीक लोकांनाच केलेल्या खासगी विक्रीचे (प्रायव्हेट प्लेसमेंटचे) नियम मोडले तर कंपनी कायद्याचं कलम ४२ पैसे व्याजासह परत करायला लावतं. कंपनी कोर्टात उभी राहून ‘आम्ही कायदा मोडला, म्हणून आम्ही पैसे देत नाही’ असं म्हणाली तर मला ते ऐकायला यायला आवडेल.

नाशिककर_सीए

ताई, एवढ्या कलमांत अडकू नका. सरळ एमपीआयडी लावा. १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार, सक्षम प्राधिकारी मालमत्ता जप्त करतो, विशेष कोर्ट वाटप करतं. डायरेक्टर लोक दिवाणी दाव्याला घाबरत नाहीत, याला घाबरतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३ मून्सच्या प्रकरणात ठेवीची व्याख्या चांगली ऐसपैस धरली आहे.

कोयनाकाठची

सगळ्यांचे आभार. तीन रात्री या एमसीएच्या साइटबरोबर काढल्या, दोनदा पैसे कापले गेले आणि पान उघडलं नाही. शेवटी पुतण्याने करून दिलं.

चार्जच्या यादीत दोनच नोंदी आहेत. एक बँकेची, कारखान्याची जागा, यंत्रं, माल, येणं सगळ्यावर. दुसरी गाडीच्या कर्जाची. ट्रस्टीचं नाव कुठेच नाही. म्हणजे लाल अक्षरं खोटी.

पीएएस-३ दोन सापडले. ऑगस्ट २०१९ चा, १८७ नावं. नोव्हेंबर २०१९ चा, १६३ नावं. दोन्हीकडे ‘प्रायव्हेट प्लेसमेंट’ लिहिलंय, डिबेंचर तेच, व्याज तेच. दुसऱ्या यादीत सासऱ्यांचं नाव ९४ वं. त्यांच्या चार मित्रांची नावं लगेच खाली, ९५ ते ९८. ते पान त्यांना दाखवलं नाही.

ताळेबंद मार्च २०२३ पर्यंतचा आहे. त्यात ‘डिबेंचर’ म्हणून रक्कम दिसते, सह्या आहेत.

‘प्रॉमिसरी नोट’ असे शब्द नाहीत. आणि मागच्या बाजूला कोपऱ्यात निळा पुसट शिक्का आहे, त्यात ‘ड्यूटी’ एवढंच वाचता येतं!

पत्रावर तारीखच नाही, काका. लेटरहेड, दोन ओळी, ‘करिता’ म्हणून कंपनीचं नाव, सही, शिक्का. तारखेची जागा कोरी. आलं कधी तेही नक्की आठवत नाही, दीड-दोन वर्षं झाली असतील.

निवृत्त_सेक्रेटरी

उत्तम काम केलंत. आमच्या काळी हे सगळं बघायला मरीन ड्राइव्हच्या एव्हरेस्ट इमारतीत आरओसीच्या ऑफिसात रांग लावावी लागे आणि फाइल कोणी तरी आधीच नेलेली असे.

१८७ आणि १६३. या आकड्यांवरून कंपनीच्या सल्लागाराचं डोकं दिसतं. कायदा असा आहे की खासगी विक्री एका आर्थिक वर्षात एका प्रकारच्या रोख्यासाठी २०० जणांपर्यंत. यांनी दोन हप्ते पाडले, दोन्ही २०० च्या आत, आणि समजले की सुटलो. पण मोजणी हप्त्याची नसते, वर्षाची असते. बेरीज ३५०. २०० ओलांडले की ती खासगी विक्री राहत नाही, लोकांना केलेली जाहीर विक्री धरली जाते. जाहीर विक्री म्हणजे माहितीपत्रक हवं, शेअर बाजारात नोंदणी हवी, सेबीची देखरेख आली. सहाराचं प्रकरण याच बेरजेवर उभं होतं. तेव्हा जुन्या कायद्यात आकडा ५० होता. सुमारे ३ कोटी लोकांकडून डिबेंचर विकून पैसे घेतले आणि म्हणाले, ही तर आमच्या परिवारातल्यांना केलेली खासगी विक्री. ३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने १५ टक्के व्याजासह २४,००० कोटींच्या वर रक्कम परत करायला सांगितली. लक्षात घ्या, विक्री बेकायदा ठरली म्हणून पैसे बुडाले असं कोर्ट म्हणालं नाही, उलट परत करा म्हणालं. तुमच्या वकिलांना हे एवढंच दाखवा. सहाराची वसुली किती वर्षं रखडली ते मात्र दाखवू नका.

आणखी एक. पब्लिक लिमिटेड कंपनी असून २०१९ मध्ये कागदी सर्टिफिकेट दिलं. २ ऑक्टोबर २०१८ पासून अशा कंपनीला नवे रोखे डीमॅटमध्येच द्यायचं बंधन आहे. याने तुमचा हक्क जात नाही, पण कंपनी कशी चालत होती ते राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाला एका ओळीत समजतं.

आता चार्ज नाही, याचा अर्थ. वाईट बाजू तुम्हाला कळली: कंपनी विकली गेली तर बँक पुढे, तुम्ही मागे. चांगली बाजू कमी जणांना माहीत असते. ठेवींच्या नियमांत डिबेंचरला सूट आहे ती दोन-तीन अटींवर. पहिल्या चार्जने किंवा पहिल्याच्या बरोबरीच्या चार्जने सुरक्षित असावा, किंवा शेअर्समध्ये सक्तीने रूपांतर होणारा असावा, किंवा बिनतारणी असेल तर शेअर बाजारात नोंदलेला असावा. तुमचा यांपैकी कशातच बसत नाही. म्हणजे कंपनीने घेतली ती ठेव, नाव डिबेंचरचं. तेव्हा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे अर्ज करताना कलम ७१(१०) खाली डिबेंचर म्हणून मागा आणि पर्यायाने कलम ७३(४) खाली ठेव म्हणून मागा. दोन्हीखाली एकटा माणूस अर्ज करू शकतो, मेहुण्यांच्या परवानगीची गरज नाही. दिवाणी कोर्टात जाऊ नका, तिथे कलम ४३० आड येईल.

नाशिककरांच्या एमपीआयडीला माझा विरोध नाही. पण त्या कायद्याच्या ठेवीच्या व्याख्येतून सेबीच्या नियमांखालचे डिबेंचर वगळलेले आहेत. कंपनीचा वकील पहिल्या दिवशी तेच वाचून दाखवेल. तुम्ही म्हणायचं, यांनी सेबीचा एक नियम तरी पाळलाय का, मग ही सूट कुठली? टिकेल असं मला वाटतं. सेबीलाही पीएएस-३ च्या दोन्ही प्रतींसह पत्र टाका, पोस्टाने पोचपावतीसह.

दिवाळखोरी संहितेचा धाक घालायचा असेल तर गणित सांगतो. रोख्यांना ट्रस्टी असेल तर एकट्याला कलम ७ चा अर्ज करता येत नाही. त्याच वर्गातले १०० जण किंवा एकूण संख्येच्या १० टक्के, जे कमी असेल ते. तुमच्यात ३५० चे १० टक्के म्हणजे ३५ जण, आणि थकबाकी किमान १ कोटी. ३५ जण जमवता येतील, यादी आहेच तुमच्याकडे. पण हा शेवटचा बाण. एकदा कंपनी तिथे गेली की स्थगिती लागते, बाकी सगळे अर्ज थांबतात आणि बँकेनंतर जे उरेल त्यात तुम्ही. उद्या दुसऱ्या कोणी कंपनीला तिथे नेलं तर मात्र झोपून राहू नका. दावा भरायची मुदत मोजक्या दिवसांची असते; ती चुकली तरी काही काळ उशिरा दावा भरता येतो, पण त्यावर विसंबू नये.

आता पत्र. मुदत कायद्याचं कलम १८. तीन वर्षं संपायच्या आत कर्जदाराने सही करून देणं कबूल केलं की त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. ‘आत्ता देत नाही, थांबा’ असं लिहिलं तरी ती कबुलीच. न्यायाधिकरणालाही हा कायदा लागू आहे. म्हणजे तुम्ही ज्याला ‘असली पत्रं’ म्हणालात, तो तुमच्याकडचा सगळ्यांत मोलाचा कागद. हिरव्या सर्टिफिकेटपेक्षा मोलाचा. अडचण तारखेची. तारीख नसेल तर केव्हा सही झाली ते साक्षीने सांगता येतं, तशी सोय कलमातच आहे, पण समोरचा म्हणेल, हे पत्र मुदत संपल्यावरचं. मार्च २०२३ चा ताळेबंदही कबुली ठरू शकतो, २०२१ मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं मानलंय. पण ताळेबंदाखालच्या टिपांत काय लिहिलंय त्यावर ते अवलंबून, आणि एकावर विसंबू नये.

पत्र पोस्टाने आलं होतं का? पाकीट कुठे आहे?

वकिली_डगला

कलम ७३(४) चा पर्याय माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. पाकिटाचं बघा ताई, टपालाचा शिक्का असेल तर काम सोपं होईल. पत्राच्या मूळ प्रतीला भोकं पाडू नका, स्टेपल करू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, आमच्याकडे लोक हौसेने लॅमिनेट करून आणतात आणि मग मूळ सही तपासता येत नाही.

कोयनाकाठची

पाकीट! आमच्याकडे रिकामं पाकीट फेकत नाहीत, सासूबाई त्याच्या मागच्या बाजूला वाणसामानाची यादी करतात. ओट्याच्या खणात अशी पन्नास-साठ पाकिटं रबरबँड लावून ठेवलेली आहेत. एलआयसीची, वीजबिलाची, लग्नपत्रिकांची. काल रात्री सगळी जमिनीवर पसरून बसलो. सासरे सोफ्यावरून बघत होते, मग चष्मा घेऊन खाली येऊन बसले.

त्यांनाच सापडलं. कंपनीचा पत्ता छापलेलं, सासऱ्यांचं नाव टाइप केलेलं, रजिस्टर पोस्टाची चिठ्ठी अजून चिकटलेली, आणि शिक्का स्वच्छ वाचता येतो: १९ मार्च २०२४. मागे सासूबाईंच्या अक्षरात शेंगदाणे एक किलो, साबुदाणा अर्धा किलो, वरई, तूप, कापूर. एकादशीची यादी.

काका, ही यादी खोडू का? कोर्टात असं चालेल का?

निवृत्त_सेक्रेटरी

काहीही खोडू नका. साबुदाण्यासकट ठेवा. म्हणजे तुमची मुदत १९ मार्च २०२७ च्या आसपास धरा, आणि प्रत्यक्षात या उन्हाळ्याच्या आत अर्ज टाका. शिक्क्याच्या तारखेच्या दोन-चार दिवस आधी सही झाली असेल, तेवढी सवड ठेवलेली बरी. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि पाकीट पत्रासोबत, वेगळं नको.

त्या चौघांनाही असंच पत्र आलं असेल. त्यांची पाकिटं कुठे आहेत?

कोयनाकाठची

सासरे आज सकाळी संगमावर गेलेत विचारायला.